बटण दाबले खरे, पण कोणत्या भाषेत?

गेल्या कापूस हंगामातील गोष्ट. इंद्रवेल्लीजवळच्याच एका गावचे आमचे परिचित शेतकरी सकाळी शाळा भरण्याच्या वेळी फाटकाशी येऊन उभे राहिले. हातात मोबाइल, चेहरा उतरलेला. "गुरुजी, माझा नंबर गेला बघा. मी तर ओकेच दाबलं होतं!"

आधारभूत किमतीने कापूस घालायचा तर आता मोबाइलवरून आधी दिवस ठरवून घ्यावा लागतो. काकांनी तो मुलाकडून ठरवून घेतला होता. मुलगा कामाला गेल्यावर तारीख पुन्हा एकदा पाहावी म्हणून त्यांनी अ‍ॅप उघडले. कुठेतरी बोट लागले आणि पडद्यावर एक चौकट आली. चौकटीत इंग्रजीत प्रश्न होता की, ठरवलेला दिवस कॅन्सल करायचा काय? खाली दोन बटणे, एक 'कॅन्सल' आणि दुसरे 'ओके'. कॅन्सल म्हणजे रद्द, एवढे काकांना ऐकून माहीत; म्हणून ते बटण त्यांनी कटाक्षाने टाळले. ओके म्हणजे सर्व ठीक, असे समजून ते दाबले आणि दिवस रद्द झाला! कॅन्सल दाबले असते तर नुसती चौकट मिटली असती. भाड्याने सांगितलेली गाडी परत पाठवावी लागली, पुढची तारीख लांबची मिळाली आणि घरात पैशाची निकड असल्याने काकांनी माल व्यापाऱ्याला कमी भावाने घातला.

अ‍ॅपचे नाव येथे देत नाही. ही चौकट एकाच अ‍ॅपमध्ये नाही, शेकड्यांनी आहे. इंग्रजी उत्तम जाणणारा माणूसही तेथे क्षणभर अडखळतो. मग ज्याची शाळा मराठीत झाली, ज्याला तेलुगू बोलता येते पण वाचता येत नाही, त्याने काय करावे?

माझा एक जुना विद्यार्थी हैदराबादला अ‍ॅप तयार करण्याच्या नोकरीत आहे. दिवाळीला तो गावी आला तेव्हा ही हकिगत त्याच्यापुढे मांडली. त्याने लॅपटॉप उघडून बटण दाबल्यावर आत काय घडते ते दोन तास समजावून सांगितले. त्यातील काही भाग आपल्या भाषेच्या प्रश्नाशी इतका जवळचा निघाला की तो वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

आपण म्हणतो, बटण दाबले. फोनला मात्र तीन निरनिराळ्या गोष्टी कळतात. बोट टेकले, बोट सरकले, बोट उचलले. बटण दाबल्याची नोंद सहसा बोट उचलताना होते, आणि तीही बोट त्या बटणावरच असेल तर. म्हणजे चुकीच्या बटणावर बोट टेकलेच, तर ते घाईने उचलू नये. तसेच बाजूला सरकवून मग उचलावे. बहुतेक वेळा बटण लागत नाही. ही साधी युक्ती मी वर्गात सांगितली तेव्हा मुलांनाही नवल वाटले. पडदा बोटातून जाणारी अगदी सूक्ष्म वीज ओळखतो, त्यामुळे कापूस वेचून घट्टे पडलेले कोरडे बोट त्याला कधीकधी जाणवतच नाही. म्हातारी माणसे मग जोर लावून दाबतात. जोराचा येथे काही उपयोग नसतो.

नोंद झाली की अ‍ॅपमधील एक ठरलेला भाग जागा होतो. त्याला त्या मंडळींच्या बोलीत 'लिसनर' म्हणतात, म्हणजे ऐकणारा. बटण दाबले की काय करायचे ते त्याच्यापाशी लिहिलेले असते. आता खरी गोष्ट पुढे आहे. हा ऐकणारा बटणावरचे अक्षर वाचत नाही! प्रत्येक बटणाला आतून एक वेगळी ओळख दिलेली असते, आपल्या हजेरीपटावरच्या अनुक्रमांकासारखी. बटणावर 'सबमिट' लिहा, तेलुगूत लिहा की 'पाठवा' लिहा, आतले काम तेच राहते.

मग हे शब्द असतात कुठे? अँड्रॉइड फोनच्या अ‍ॅपमध्ये ते एका वेगळ्या फाइलीत ठेवण्याची पद्धत आहे, आणि प्रत्येक भाषेसाठी तशी एक फाइल करता येते. तेलुगूसाठी 'टीई', मराठीसाठी 'एमआर' अशी खूण. फोनची भाषा मराठी ठेवलेली असेल तर अ‍ॅप मराठीची फाइल शोधते, आणि ती नसेल तर मूळ फाइल, जी बहुधा इंग्रजी असते, ती उघडते. फोन इंद्रवेल्लीत आहे की किनवटात, हे ही व्यवस्था विचारत नाही. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत मराठी आणि तेलुगू बरोबरच दाखल झाल्या. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून तर ज्या अ‍ॅपने सोय ठेवली असेल त्याची भाषा फोनच्या भाषेपासून वेगळीही ठेवता येते. तेव्हा 'मराठीसाठी सगळे अ‍ॅप नव्याने बांधावे लागेल' हे जे उत्तर आम्हाला एका ठिकाणी मिळाले, ते पटण्यासारखे नाही. शब्द पहिल्यापासून वेगळ्या फाइलीत ठेवलेले असतील तर काम आहे ते शब्दांचे, आणि ते तपासून घेण्याचे.

तपासून घेणे मात्र आवश्यक, हे कबूल केले पाहिजे. 'ओके'च्या मापाने केलेल्या बटणात 'नोंदणी रद्द करा' मावत नाही, शेपूट तुटते. कुठे वरच्या मात्रा छाटल्या जातात, कुठे खालचे उकार. भाषांतर यंत्राकडून करून घेतले तर 'बुक'चे पुस्तक होऊन बसते. आणि ती काकांची चौकट शब्दशः मराठीत आणली तर घोटाळा तसाच राहतो. 'ठरवलेला दिवस रद्द करायचा का?' असे विचारून खाली 'रद्द करा' आणि 'ठीक आहे' लिहिले, तर त्या मराठीचा काय लाभ? तेथे 'हो, दिवस सोडतो' आणि 'नको, राहू द्या' असे हवे. बटणावर जे लिहिले तेच घडले पाहिजे.

दुसरी अडचण आमच्या भागातील नेटवर्कची. बटण दाबले, काहीच हलले नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो, मग तिसऱ्यांदा. अर्ज तीन जातात, पैशाचा व्यवहार असेल तर छातीत धस्स होते. विद्यार्थी म्हणाला, चांगल्या अ‍ॅपमध्ये पहिल्या दाबण्याबरोबर बटण फिके पडून बंद व्हावे आणि 'पाठवत आहे, थांबा' अशी ओळ यावी. शिवाय प्रत्येक अर्जाला एकच क्रमांक असावा, म्हणजे तो अर्ज पुन्हा आला तरी पलीकडे एकदाच धरला जाईल. आता ती ओळ कोणत्या भाषेत येते, यावर माणूस थांबतो की पुन्हा दाबतो हे अवलंबून आहे.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आम्ही इकडे राहिलो. तेलुगूशी आमचे वैर नाही. आमची मुले ती शिकतात, आणि शिकावीच. परंतु संविधानाच्या ३५० व्या कलमाप्रमाणे आपले गाऱ्हाणे केंद्रात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. कागदावर तो आम्ही वापरत आलो. कागदाची जागा बटणाने घेतली तेव्हा हा हक्क कोठे गेला, एवढेच विचारायचे आहे. आणि आपल्यापुरतेच बोलून चालणार नाही. आमच्या शेजारी गोंडी आणि कोलामी बोलणारे आहेत. आपल्याच जिल्ह्यातील गुंजाळा गावच्या नावाने ओळखली जाणारी गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये आली, तरी त्या अक्षरातले बटण मी अद्याप एकाही सरकारी अ‍ॅपवर पाहिलेले नाही.

आमच्या समितीने म्हणून प्रथम शब्दांचीच यादी करायला घेतली. आठवीच्या मुलांना वीस बटणे दिली. 'सबमिट'ला आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचा आग्रह 'सादर करा', दुसऱ्यांचा 'दाखल करा'. मुलांनी एकमुखाने 'पाठवा' लिहिले, आणि ते राहिले. 'बॅक'ला 'मागे', 'सेव्ह'ला 'जपून ठेवा'. एका मुलीने 'डिलीट'साठी 'पुसून टाका' सुचवले, त्यावर टाळ्या पडल्या. पाटीवरचे पुसणे सर्वांना ठाऊक आहे.

यादी त्या काकांना वाचून दाखवली. त्यांनी सतरा शब्द ऐकताच ओळखले, तीन अडले. त्या तीनांवर येत्या रविवारच्या बैठकीत पुन्हा विचार होईल आणि त्यानंतर यादीसह मराठीत लिहिलेला अर्ज आदिलाबादला नेऊन द्यायचा आहे. 'ओटीपी'ला काय म्हणावे, यावर मात्र अजून एकमत नाही.