गृहांतर्गत रचनेचे शिक्षण (लेखांक तिसरा) : मोजणी

मागील लेखांकात या विद्येच्या प्रवेशद्वारांचा विचार झाला. आत पाऊल टाकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती जे पहिले साधन येते, किंवा यावयास हवे, त्या मोजपट्टीकडे आता वळावयाचे आहे. रंगसंगती, पडदे आणि संगणकावर क्षणार्धात उमटणारी झगमगीत दिवाणखान्यांची चित्रे यांच्या ओढीने आलेल्या मुलामुलींना हे साधन नीरस वाटते, आणि त्यांची मर्जी राखण्यासाठी मोजणीचा भाग आठवडाभरात उरकण्याचा मोह शिक्षकांनाही होतो. परंतु ज्याला शास्त्र म्हणावे असा जो काही अंश या अभ्यासक्रमात आहे, त्याचा फार मोठा वाटा, माझ्या मते, या मोजणीतच आहे.

हे शिकण्यास भिलाईसारखे गाव शोधून सापडणार नाही. सोव्हिएत संघाशी 1955 साली झालेल्या करारान्वये येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्याबरोबरच सेक्टरांची आखीव वसाहत वसली. तेथील क्वार्टर कोणा एका कुटुंबासाठी आखलेले नव्हते. ते हुद्द्यासाठी आखलेले होते. विदर्भातून नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबाने त्या ठरीव चौकटीतच देव्हारा, पाट-पाटा आणि सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांच्या गाद्या यांची तजवीज लावावयाची, आणि निवृत्तीनंतर किल्ली कंपनीच्या दफ्तरात जमा करावयाची. पुढे ज्यांनी बोरसीसारख्या वस्तीत प्लॉट घेऊन स्वतःचे घर बांधले, त्यांना आयुष्यात प्रथमच खोली किती मोठी असावी हे ठरविण्याची मुखत्यारी मिळाली. आणि अशा घरातील मुलगा वा मुलगी जेव्हा ही विद्या शिकावयास जाते, तेव्हा तिचा पहिला पाठ घरातच मांडून ठेवलेला असतो.

समजा, बोरसीतील अशा एका घरात मंजूर नकाशावर 12 फूट लांब आणि 9 फूट रुंद अशी खोली आहे. चारी भिंती मोजल्या, त्या नकाशाबरहुकूम 12 आणि 9 भरल्या, आणि विद्यार्थ्याने वही मिटली, तर त्याची मोजणी अर्धीच झाली. कर्ण घेतले पाहिजेत. कोपरे काटकोनात असतील तर दोन्ही कर्ण बरोबर 15 फूट यावेत. पण एक 15 फूट 2 इंच आणि दुसरा 14 फूट 10 इंच आला, तर भिंती लांबीला खऱ्या असूनही खोली तिरकी आहे. मिस्त्रीने पाया आखताना गुण्या नीट धरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही, परंतु 2 फूट खोलीचे कपाट कोपऱ्यात बसविताच कडेला अर्ध्या इंचाची फट उघडी पडते, आणि 9 फुटांच्या भिंतीलगत फरशीची शेवटची ओळ अडीच इंचांनी निमुळती होत जाते. सुतार तेव्हा फरशीवाल्याकडे बोट दाखवितो, फरशीवाला मिस्त्रीकडे, आणि घरमालक रचनाकाराकडे. ओळंबा सोडून भिंतीचा झोक पाहणे, तुळई छतापासून किती खाली उतरते हे टिपणे, विजेच्या बटणांची उंची नोंदविणे, ही सारी कामे त्याच जातीची.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत या शिस्तीची परंपरा जुनी आहे. तेथील वास्तुकलेच्या अध्यापनाची धुरा 1923 पासून सुमारे दोन दशके वाहणारे क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मापे घेऊन आलेखन करावयास लावीत. 1934 साली त्यांनी प्रसिद्ध केलेला भारतीय वास्तुकलेच्या विकासावरील ग्रंथ अशाच मापित आलेखांवर उभा आहे. खांबाची सुबकता कोठून येते याचे व्याख्यान ऐकण्यापेक्षा तो खांब इंचाइंचाने कागदावर उतरविणाऱ्याच्या हाताला ती अधिक कळते, ही त्यांची धारणा होती असे त्या आलेखांवरून म्हणावेसे वाटते.

मोजणीचे दुसरे अंग अंदाजपत्रकाचे. प्लायवुडचा तक्ता 8 फूट बाय 4 फूट मिळतो. कपाटाचे दार 7 फूट उंच आणि 23 इंच रुंद धरले, तर आरीची जाडी वजा जाऊनही एका तक्त्यातून दोन दारे निघतात. तेच 25 इंच धरले, तर एकच निघते. चार दारांच्या कपाटास एके ठिकाणी दोन तक्ते, दुसऱ्या ठिकाणी चार. उरलेल्या पट्ट्या फळ्यांना कामास येतील हे खरे. तरी दोन इंचांच्या हौसेसाठी दुप्पट माल मागवावा लागतो, आणि हे रेखाटतानाच ज्याला सुचत नाही त्याने यजमानाच्या निवृत्तिवेतनाला हात घालू नये!

यावर कोणी सरगुजातील पुहपुत्रा गावच्या सोनाबाई रजवार यांचे उदाहरण देईल. बांबूच्या चिपा वाकवून, त्यांवर माती लिंपून त्यांनी आपल्या घराला ज्या जाळ्या केल्या आणि त्यांत पक्षी, प्राणी, माणसे बसविली, त्या कोणत्याही महाविद्यालयात न शिकता. भोपाळच्या भारत भवनाच्या संग्राहकांमुळे त्या जगापुढे आल्या आणि राष्ट्रीय सन्मानास पात्र ठरल्या. आक्षेप वजनदार आहे. पण वर्षानुवर्षे ज्या अंगणात वावर झाला, तेथले ऊन कोणत्या प्रहरी कोठवर येते हे त्यांना पाठ होते. परक्याच्या घरात दोन तासांसाठी शिरणाऱ्या रचनाकारास ती सवलत नाही. त्याला मोजावेच लागते.

व्यवसायाच्या अंगानेही याला महत्त्व आहे. 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमान्वये वास्तुविशारद ही उपाधी परिषदेकडे नोंदणी झालेल्यासच लावता येते. अंतर्गत रचनाकारास तशी वैधानिक सनद नाही, कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून रायपूरला वा नागपूरला महाविद्यालय पाहावयास जाणाऱ्या पालकांनी दर्शनी दालनातील रंगीत चित्रांपाशी फार वेळ घालवू नये. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे मापित आलेख दाखवा म्हणावे, आणि त्यांवर कर्णांची मापे लिहिलेली आहेत काय, हे पाहावे.

पुढील लेखांकात खिडकी आणि प्रकाश.