नाव बदलण्याचा अधिकार



आजचा विषय घरातल्या संगणकाचा आहे. परंतु आरंभ आपल्या गावच्या दप्तरापासून करू. कुंभार पिंपळगावच्या शिवारातले एखादे शेत विकले गेले, तर त्यातले ढेकूळही हलत नाही. बदलते ते दप्तरातले नाव. तो फेरफार नोंदविण्याचा अधिकार दप्तर ज्याच्याकडे आहे त्याचा. नांगर ज्याच्या हाती आहे त्याचा नव्हे.

संगणकातील फाइलींचेही असेच आहे. समजा, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावातली कीर्तने, लग्नकार्याची चित्रे अशा हजारो फाइली घरातल्या एका संगणकावर साठविल्या आहेत आणि त्या सर्वांना पाहता-ऐकता याव्यात म्हणून तो अहोरात्र चालू ठेवला आहे. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. मोबाइलने फाइलींना नुसत्या आकड्यांची नावे दिलेली असतात. फोल्डर व तारीख पाहून ती आपोआप बदलणारा प्रोग्रॅम आपण बसवितो. सकाळी पाहावे तो एकही नाव बदललेले नाही. ‘परवानगी नाही’ एवढाच निरोप!

आपण फाइलीचे अधिकार तपासतो. ते ठीक असतात. कारण नाव फाइलीत नसतेच. ते फोल्डरात लिहिलेले असते. फोल्डर हेच दप्तर! त्यात लिहिण्याचा अधिकार नसेल, तर फाइल स्वतःची असूनही तिचे नाव बदलत नाही.

1969 साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सची ही परंपरा आज लिनक्समध्ये चालते. अधिकारी तीन: मालक, गट आणि इतर. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2 आणि फोल्डरात शिरण्याचा 1, असे आकडे मांडून प्रत्येकाची बेरीज करावयाची.

अडचण आली की पुष्कळ जण 777 लिहून मोकळे होतात; म्हणजे सर्वांना सर्व मोकळीक! काम तत्काळ होते, हे खरे. परंतु ज्याला फोल्डरात लिहिता येते, त्याला त्यातली फाइल पुसताही येते. मग एखाद्या बिघडलेल्या प्रोग्रॅमलाही आजीचा आवाज पुसून टाकता येईल. आणि आजी हयात नसेल, तर ती ओवी पुन्हा कोणाकडून ऐकावयाची?

योग्य उपाय थोडा सावकाशीचा आहे. फाइली आणणारा व नावे बदलणारा, अशा दोन्ही प्रोग्रॅमांचा एकच गट करावा. सर्व संग्रह त्या गटाच्या नावे करावा. फोल्डरांना 2775 आणि फाइलींना 664 द्यावे. आरंभीच्या 2 मुळे फोल्डरात नव्याने तयार होणारी फाइल त्याच गटाची होते. दोन्ही प्रोग्रॅमांचा ‘उमास्क’ 002 ठेवावा, म्हणजे नव्या फोल्डरातही गटाला लिहिता येते. प्रथम दोन-चार फाइलींवर प्रयोग करावा, आणि संग्रहाची एक प्रत निराळी ठेवावी.

घराची किल्ली विश्वासाच्या माणसाला द्यावी. तिच्यासाठी दारच काढून ठेवू नये, एवढेच माझे सांगणे आहे.