टाके सुकले, तरी डोक्याकडे लक्ष असू द्या



गटाच्या बैठकीत कधीतरी कानावर येतं, "मालक गाडीवरून पडले होते. टाके पडले, आठ दिवसांत बरे झाले. पण आता फार विसरतात, उगाच चिडतात." कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. जुन्या माराची आठवण कुणालाच होत नाही.

मेंदू मऊ असतो, गाडग्यातल्या दह्यासारखा. गाडगं आपटलं, फुटलं नाही, तरी आतलं दही हलतंच. तसं कवटी न फुटताही मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. काही जणांच्या मेंदूत त्यानंतर सूज बराच काळ राहते, 'टाऊ' नावाचं प्रथिन साचतं आणि पेशी हळूहळू झिजतात. १९२८ साली अमेरिकेतल्या डॉ. मार्टलँड यांनी डोक्यावर सतत ठोसे खाणाऱ्या बॉक्सिंगपटूंमध्ये असा त्रास नोंदवला. २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डोक्याचा मार हे स्मृतिभ्रंशाचं टाळता येण्याजोगं कारण मानलं. प्रत्येकाला असं होतंच असं नाही. पण मार जितक्या वेळा, तितका धोका जास्त.

मग काय करायचं?

हेल्मेट : मागे बसणारीनेही घालायचं. आपण एका बाजूला बसतो, हातात पिशवी, मांडीवर लेकरू. गतिरोधकावर गाडी उडाली की तोल जातो. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं घ्या, पट्टा लावा. चार वर्षांवरच्या मुलांनाही कायद्याने ते लागतं. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावायला घरी सांगा.

मार लागला तर : १०८ ला फोन करा. पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, झटका, वाढती डोकेदुखी, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, हातापायातली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. म्हातारी माणसं साधी घसरून पडली तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा.

घरातला मार : डोकं भिंतीवर आपटणं हाही मेंदूलाच मार आहे, आणि तो पुन्हा पुन्हा होतो. सोसत बसू नका. १८१ वर बोला, गटातल्या बाईला सांगा.

नंतरची काळजी : बीपी आणि साखर तपासत राहा. दारू, तंबाखू, मिश्री सोडा. कमी ऐकू येत असेल तर कान दाखवा. रोज चाला, चार माणसांत बसा.

विसरभोळेपणा वाढला तर डॉक्टरांना जुना मार आवर्जून सांगा आणि त्या वेळचे कागद दाखवा. पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा : तुमच्या घरात कुणाच्या डोक्याला कधी मार लागला होता का?