व्यसनी कर्करुग्णाला आपला आधार

आजाऱ्यांच्या भेटीला जाताना आम्हांला एक प्रश्न हमखास ऐकू येतो : “विडी ओढत होतात ना?” रुग्ण त्यामुळे जणू आरोपी ठरतो आणि व्यसन लपवू लागतो, घरच्यांपासून व डॉक्टरांपासूनही.

हे लपविणे घातक आहे. रोज भरपूर मद्यपान करणाऱ्याने शस्त्रक्रियेपूर्वी ते सांगितले नाही, तर इस्पितळात दारू अचानक बंद होताच कंप, भ्रम, झटके येऊन प्राणावर बेतू शकते. आधी कळल्यास डॉक्टर त्यावर औषधयोजना करतात.

“आता सोडून काय उपयोग?” असेही म्हटले जाते. उपयोग आहे. धूम्रपानामुळे कर्करुग्णांतील मृत्यूचे प्रमाण वाढते, दुसऱ्या कर्करोगाचाही धोका वाढतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २०१४ च्या अहवालात आहे.

परंतु एकट्याने सोडणे कठीण. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा नि:शुल्क राष्ट्रीय दूरध्वनी आहे. मद्यपींसाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा, तर कुटुंबीयांसाठी अल-अनॉन. (पत्नीलाच दोष देणाऱ्यांना काय म्हणावे!) परळच्या टाटा इस्पितळात रुग्णासोबत जाणाऱ्या मित्राने निदान त्या दिवशी तरी आपले सिगारेटचे पाकीट घरी ठेवावे.