दानाचा निर्णय कोणी घ्यावा? विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष शिक्षणाचा एक विचार

बौद्ध उपासकाला दानाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. परंतु दानाचा पैसा एकदा संस्थेच्या हाती आला म्हणजे तो कोणाला, कोणत्या कसोटीवर आणि कोणाच्या विचाराने द्यावयाचा, हा अभ्यासाचा विषय आहे याची जाणीव आपल्याकडे फारशी आढळत नाही. अमेरिकेतील काही विद्यापीठांत हा विषय विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कृतीतून शिकविण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

केंटकी राज्यात ओहायो नदीच्या दक्षिणेस नॉर्दर्न केंटकी विद्यापीठ आहे. नदीपलीकडील सिनसिनाटी शहरातील मेयरसन कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने दिलेल्या साहाय्यातून सन २००० च्या सुमारास तेथे हा उपक्रम सुरू झाला. सत्राच्या आरंभी वर्गाच्या हाती काही हजार डॉलर ठेवले जातात. वर्ग समाजकार्याचाच असला पाहिजे असे नाही. इतर विषयांचे वर्गही यात घेतले जातात. परिसरातील कोणत्या गरजेकडे लक्ष द्यावयाचे हे विद्यार्थी आपसांत ठरवितात, संस्थांकडून अर्ज मागवितात, त्यांचे काम समजून घेतात आणि अखेर वर्गात चर्चा करून मतदानाने देणगी कोणाला द्यावयाची ते निश्चित करतात. पैसा खरा असतो, तसा नकारही खरा असतो. एका संस्थेला होकार देताना तितक्याच गरजू अशा दुसऱ्या संस्थेला नाही म्हणावे लागते, आणि त्याचे कारण देता आले पाहिजे. उत्तरपत्रिका लिहून हे शिकता येत नाही. संस्थेचा जमाखर्च वाचावयाचा कसा, हेही असेच. कार्यालयीन खर्च दिसला की तो वायफळ आहे असे नवख्याला वाटते; पण हिशेब लिहिणाऱ्याला वेतनच दिले नाही तर हिशेब चोख राहणार कसा, हा प्रश्न समोर ठेवलेली खतावणीच त्याला शिकविते.

कृतीतून शिक्षण या विचाराशी जॉन ड्यूई यांचे नाव निगडित आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा ड्यूई त्यांचे गुरू होते. हेच ड्यूई त्यापूर्वी शिकागोत असताना जेन ॲडम्स यांनी १८८९ साली गरीब वस्तीत सुरू केलेल्या हल हाऊस या केंद्राशी निकटचा संबंध ठेवून होते. वर्गाच्या भिंतीबाहेर शिक्षण नेण्याची ही परंपरा आपल्याला अगदीच परकी नाही.

मात्र उपरोक्त पद्धतीत एक मोठी उणीव राहू शकते. तीत विद्यार्थी दात्याच्या जागी बसतो. घेणारा अर्ज करतो, उत्तरे देतो, वाट पाहतो. निर्णयाच्या वेळी तो खोलीत नसतो. हा प्रश्न बाबासाहेबांनी फार पूर्वी उपस्थित केला होता. पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेलेली संस्था सप्टेंबर १९३२ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर १४ नोव्हेंबर १९३२ रोजी लंडनच्या वाटेवर, जहाजावरून, बाबासाहेबांनी संस्थेचे चिटणीस अ. वि. ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले. कामाची दिशा सुचवितानाच, कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य वर्गातूनच घ्यावेत, कारण आपुलकीशिवाय सेवा घडत नाही, असा आग्रह त्यांनी त्यात धरला. पुढे कारभारात प्रतिनिधित्व मागण्यास गेलेल्या अस्पृश्यांच्या शिष्टमंडळास गांधीजींकडून जे उत्तर मिळाले, ते बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. हे कार्य म्हणजे हिंदूंचे प्रायश्चित्त आहे आणि पैसाही हिंदूंनी दिलेला आहे, सबब संघ त्यांनीच चालवावा, असा त्या उत्तराचा आशय होता. विद्यार्थ्यांना दानव्यवहार शिकविणाऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमात हे प्रकरण वाचावयास ठेवले पाहिजे असे आम्हास वाटते.

आता आपल्या घरचे पाहू. जयंतीची वर्गणी गोळा करण्यात आमचे तरुण आघाडीवर असतात. पण पावतीपुस्तक जमा केल्यावर त्या पैशाचे पुढे काय होते, हे पदवीधरालाही ठाऊक नसते. विहाराचा न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्यानंतर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो वर्षानुवर्षे न दिल्यामुळे कायदेशीर विश्वस्त कोण, हाच वाद होऊन बसतो. बँक खाते अडते, दान अडते. समाजकार्याच्या महाविद्यालयांत क्षेत्रकार्य सक्तीचे असते. वाणिज्य व विधी शाखांच्या आमच्या मुलामुलींनीही एखादे वर्ष विहाराच्या खजिनदाराजवळ बसावे, पावत्या बँकेच्या पुस्तकाशी ताडून पाहाव्यात, बदल अर्ज स्वतः भरावा. आणि जेथे न्यास विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो, तेथे निवड समितीत एक जागा पूर्वी ती शिष्यवृत्ती घेतलेल्या मुलाला वा मुलीला द्यावी, नुसते निमंत्रित म्हणून न बसविता मताच्या अधिकारासह.