अडथळे कितीही, पोलीस तीनच

बंदिस्त आवारात मधे काहीच नसेल, दोघांचा वेग सारखा असेल आणि चाली आळीपाळीने होत असतील, तर एकटा पोलीसही चोराला कधी ना कधी गाठतोच. मधे मोठीशी इमारत आली की चोर तिच्याभोवती फिरत राहतो.

मग पोलीस किती हवेत? आयग्नर आणि फ्रॉमे या गणितज्ञांनी 1984 मध्ये सिद्ध केलं की, फक्त चौकातच एकमेकांना मिळणाऱ्या रस्त्यांच्या कुठल्याही जाळ्यात तीन पुरतात. त्यांची युक्ती फार देखणी आहे. पोलीस चोरामागे धावत सुटत नाहीत. पहिला दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट राखतो. काही चालींत तो अशी जागा पकडतो, की चोराने त्या वाटेवर पाऊल टाकताच पुढच्या चालीत तो सापडावा. दुसरा दुसरी वाट धरतो. चोर दोन वाटांमध्ये कोंडला की तिसरा आतली नवी वाट अडवतो आणि आधीच्या दोघांपैकी एक मोकळा होतो. असं करत चोराची जागा आक्रसत जाते.

अडथळ्यांनी भरलेल्या बहुभुज आवारांनाही हाच आकडा लागू पडतो, हे 2012 मध्ये सिद्ध झालं. अट एवढीच: नकाशा माहीत हवा आणि चोर सतत दिसत राहायला हवा.