नोकरी जन्मभराची, की कंपनी म्हणेल तोवरची?

मुलाला किंवा मुलीला नावाजलेल्या कंपनीत नोकरी लागली की घरात मिठाई वाटली जाते. नातेवाईक विचारतात, 'कंपनी कोणती?' नाव ओळखीचे निघाले की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. लग्नाची बोलणी असोत की घराचे कर्ज, कंपनीचे नाव हाच मोठा आधार ठरतो. हा आधार कितपत भक्कम असतो, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या आयबीएम या कंपनीचा इतिहास वाचावा. संगणकाच्या जगात तिच्याइतकी जुनी कंपनी क्वचितच सापडेल, आणि नोकरीच्या हमीसाठी तिचे जितके नाव होते तितके दुसरीचे नव्हते.

शब्द पाळणारी कंपनी

१९११ साली ही कंपनी वेगळ्या नावाने सुरू झाली. १९१४ मध्ये थॉमस वॉटसन तिथे आले आणि १९२४ मध्ये तिला आयबीएम हे नाव मिळाले. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली. कारखाने बंद पडत होते, माणसे रस्त्यावर येत होती. वॉटसन यांनी मात्र कारखाने चालू ठेवले. गिऱ्हाईक नसतानाही यंत्रे तयार होऊन गोदामात साठत राहिली. लोकांना तो वेडेपणा वाटला. पण १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, कोट्यवधी माणसांच्या नोंदी ठेवण्याची वेळ सरकारवर आली आणि तयार यंत्रे फक्त आयबीएमकडे होती. माणसे सांभाळणारी कंपनी तोट्यात जात नाही, हे त्या वेळी तरी खरे ठरले.

पुढे मंदीचे कारण देऊन कुणाला घरी बसवायचे नाही, हा कंपनीचा प्रघातच झाला. एका विभागातले काम संपले तर माणसाला नवे काम शिकवायचे आणि दुसऱ्या गावी पाठवायचे. या बदल्यांवरून कर्मचारी थट्टेने म्हणत, आयबीएम म्हणजे 'आय हॅव बीन मूव्ह्ड', माझी बदली झाली! कुटुंबाची धावपळ होई, पण पगार चुकत नसे. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या खोऱ्यात पुकिप्सी, किंग्स्टन अशी गावे या कंपनीवरच वाढली. बापामागून मुलगा त्याच फाटकातून आत जायचा.

हमी संपली तो काळ

१९८५ साली कंपनीत सुमारे ४,०५,००० माणसे होती. तिचा मोठा नफा मेनफ्रेम नावाच्या अवाढव्य संगणकांवर होता. १९८१ मध्ये तिनेच घरगुती वापराचा छोटा संगणक बाजारात आणला, पण त्यातली चिप इंटेलची आणि प्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. दुसऱ्या कंपन्यांनी तसेच संगणक स्वस्तात बनवले. नफा इतरांकडे गेला आणि मोठ्या यंत्रांची मागणीही घटत गेली.

आधी गोड भाषेत सुरुवात झाली. स्वखुशीने लवकर निवृत्त व्हा, वर पैसे घ्या, अशा योजना आल्या. तेवढ्याने भागले नाही. १९९२ मध्ये कंपनीला जवळजवळ ५०० कोटी डॉलरचा तोटा झाला, १९९३ मध्ये ८०० कोटींहून अधिक. त्याच वर्षी हडसनच्या खोऱ्यात माणसांना सरळ कामावरून काढले गेले. ज्या गावांत हे कधी घडले नव्हते, तिथे घरांच्या किमती उतरल्या, दुकाने ओस पडली. दोन वर्षांनी किंग्स्टनचा कारखानाही बंद झाला.

एप्रिल १९९३ मध्ये लुई गर्स्टनर हे बाहेरचे गृहस्थ प्रमुख म्हणून आले. जुलैत त्यांनी आणखी ३५,००० जागा कमी करण्याचे जाहीर केले. १९९४ मध्ये माणसांची संख्या सुमारे २,२०,००० वर आली. म्हणजे नऊ वर्षांत जवळजवळ निम्मी. त्याच वर्षी कंपनी पुन्हा नफ्यात आली. गर्स्टनर यांनी कंपनीचे तुकडे होऊ दिले नाहीत आणि यंत्रे विकण्याबरोबर सेवा विकण्यावर भर दिला. त्यांचा निर्णय कठोर होता, पण कंपनी बुडाली असती तर उरलेल्यांची रोजीही गेली असती, हेही मान्य करावे लागते.

आजार बरा झाला, औषध चालूच

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. संकट टळले, पण जुनी हमी परत आली नाही. २००५ मध्ये कंपनी नफ्यात होती, तरीही १०,००० ते १३,००० जागा कमी झाल्या, त्यातल्या बहुतेक युरोपात. त्याच वर्षी छोट्या संगणकांचा धंदा चीनच्या लेनोवोला विकला गेला आणि त्याबरोबर सुमारे १०,००० माणसे नव्या मालकाकडे गेली. २०२१ मध्ये किंड्रिल ही वेगळी कंपनी निघाली, तिच्याकडे सुमारे ९०,००० माणसे गेली. २०२३ च्या जानेवारीत आणखी ३,९०० जागा गेल्या. या सगळ्याला कंपनीच्या कागदपत्रांत सौम्य नावे आहेत. कर्मचाऱ्याला काढणे म्हणजे 'रिसोर्स ॲक्शन', आणि ताळेबंदात त्याचा खर्च 'वर्कफोर्स रीबॅलन्सिंग', म्हणजे मनुष्यबळाचा समतोल! ज्याच्या घरची चूल त्या पगारावर पेटते, त्याला यात कसला समतोल दिसणार?

मोजदादही अवघड होत गेली. २०१० च्या सुमारास कंपनीने अमेरिकेत आपली किती माणसे आहेत हे सांगणे बंद केले. अलायन्स ॲट आयबीएम ही कर्मचाऱ्यांची संघटना सभासदांकडून आकडे गोळा करायची. सभासदच घटत गेल्याने २०१६ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी काढलेल्या माणसाला मिळणारी भरपाईही कंपनीने अमेरिकेत एका महिन्याच्या पगारावर आणली. आधी ती सहा महिन्यांपर्यंत मिळू शकत असे.

झळ सर्वांत जास्त कुणाला बसली? प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये केलेल्या तपासात असा अंदाज निघाला की आधीच्या पाच वर्षांत अमेरिकेत ४० वर्षे ओलांडलेल्या सुमारे २०,००० कर्मचाऱ्यांना काढले गेले, आणि एकूण कपातीत त्यांचा वाटा सुमारे ६० टक्के होता. २०२० मध्ये तिथल्या समान रोजगार संधी आयोगानेही वयावरून भेदभाव झाल्याचे मानायला आधार आहे, असे नोंदवले. कंपनीने हा आरोप नाकारला. पण चाळिशी-पन्नाशी म्हणजे मुलांच्या शिक्षणाचा, आईवडिलांच्या आजारपणाचा, कर्जाच्या हप्त्यांचा काळ. नेमक्या त्याच वयात नोकरी गेली तर ती एकट्या माणसाची जात नाही, पूर्ण घराची जाते.

तिथे गेलेल्या नोकऱ्या इथे

या कहाणीत आपला देशही आहे. परकीय कंपन्यांनी भागभांडवल कमी करावे या अटीवरून आयबीएम १९७८ मध्ये भारत सोडून गेली आणि १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीत परतली. नंतर काम झपाट्याने इकडे आले. २००९ मध्ये तर अमेरिका आणि कॅनडातल्या नोकरी गेलेल्यांसाठी एक योजना निघाली: हवे तर भारत, चीन, ब्राझील अशा देशांत जा, काम मिळेल, पण पगार तिथल्या दराने. २०१७ पर्यंत भारतातल्या कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे १,३०,००० झाली होती, अमेरिकेपेक्षाही जास्त.

बंगळूर, पुणे, हैदराबाद इथल्या हजारो घरांत या पगाराने बरकत आली, याचा आनंदच आहे. पण पुकिप्सीच्या कुटुंबाने गमावलेली नोकरी इकडे आली ती आपल्यावरच्या प्रेमाने नव्हे. इथे काम स्वस्तात होत होते म्हणून आली. उद्या त्याहून स्वस्त मार्ग निघाला तर ती इथूनही उठेल. तो मार्ग आता दिसू लागला आहे. मे २०२३ मध्ये कंपनीचे भारतीय वंशाचे प्रमुख अरविंद कृष्ण म्हणाले की कार्यालयीन स्वरूपाच्या सुमारे २६,००० जागांपैकी ३० टक्के काम पाच वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्ता करू शकेल.

घराने काय करावे?

म्हणून मुलांना संगणक क्षेत्रात पाठवू नये का? तसे मुळीच नाही. फक्त नोकरीला मिळकतीचे साधन समजावे, विमा समजू नये. नेमणूकपत्र पगाराच्या आकड्यावर न थांबता पूर्ण वाचावे. नोटिशीची मुदत किती आणि कंपनीने काढले तर काय मिळेल, हे पाहावे. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील इतकी शिल्लक वेगळी ठेवावी. कंपनीने दिलेला आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो, म्हणून कुटुंबाचा स्वतःचा काही बंदोबस्त असावा. कंपनीने घाईने राजीनामा लिहून मागितला तर त्याच दिवशी सही करू नये. जाणत्या वकिलाला विचारावे. आणि चाळिशी आली तरी शिकणे थांबवू नये, कारण जुने काम आधी स्वस्त होते आणि मग नाहीसे होते.

एक गोष्ट घरातल्यांच्या हातात आहे. काढलेला माणूस नालायक असतो असे समजून त्याच्याकडे पाहू नये. वर दिलेल्या लाखोंच्या आकड्यांत वर्षानुवर्षे चांगले काम केलेली असंख्य माणसे आहेत. नोकरी गेल्याची बातमी लेकाला किंवा लेकीला घरापासून लपवावी लागू नये, सकाळी डबा घेऊन खोटेच बाहेर पडावे लागू नये. त्या दिवशी घरात त्याला विचारपूस आणि धीर मिळाला, तर पुढची नोकरी शोधायला लागणारी हिंमत त्याला घरातूनच मिळेल.